अपेक्षाचा नंबर

२५ जून
शाळेतून मेसेज. डोळे तपासणीत अपेक्षाला फळ्यावरचं नीट दिसत नाही असं निघालं म्हणे. डॉक्टरांना दाखवा. शाळेचा फळाच खराब असणार. माझ्या क्लासचा फळा येऊन बघा म्हणावं. इतकी वर्षं स्कॉलरशिपचे क्लास घेतोय, सगळा चिकलठाणा मला ओळखतो, दिसत नाही अशी तक्रार एकाही पालकाने केलेली नाही. आणि ऐन पाचवीत, परीक्षेच्या वर्षी, माझ्याच मुलीला हे! चिडचिड झाली. चहा दोनदा घेतला.

२८ जून
समर्थनगरला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे. डोळ्यात थेंब टाकले, तासभर बसवलं, मग निकाल. दोन्ही डोळ्यांना मायनस दीड. मी विचारलं, मायनस आहे म्हणजे शून्यापेक्षा कमीच ना? मॅडमनी उत्तर बायकोकडे, मंजुषाकडे बघून दिलं. चष्मा दिवसभर लावायचा. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळायचं. वही-पुस्तक डोळ्यांना चिकटवायचं नाही, मधून मधून लांब बघायचं. या वयात नंबर भराभर वाढतो, फार वाढला तर मोठेपणी डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, म्हणून आत्ताच आवरायचा. सहा महिन्यांनी परत दाखवा.
मंजुषाने सगळं मोबाईलमध्ये टाइप केलं. मी नाही केलं. मला मुद्दे लक्षात राहतात. मुद्दा एकच: लांब बघायचं.

२९ जून
देवगाव रंगारीला आईला फोन केला. म्हटलं, अपेक्षाचा नंबर आलाय. तेवढ्यात रेंज गेली. परत फोन लागेपर्यंत तिने भावकीत पेढे वाटले होते. मी म्हटलं, आई, दीड नंबर आलाय. ती म्हणाली, मंग काय झालं, पह्यल्याच्या खालोखालच की.
चष्म्याचा म्हटल्यावर म्हणाली, आपल्या खानदानात कुणाला चष्मा नाय. मी स्पीकर ऑन करून मंजुषाला ऐकवलं. मंजुषाने विचारलं, आई, कुणाचे डोळे कधी तपासले होते का? आई म्हणाली, नाय ना बाई, तपासले असते तर लागलाच असता.
दोघी मिळून हसल्या. गंभीर विषयावर या घरात बोलायची सोय नाही.

३ जुलै
चष्मा आला. गुलाबी काड्या. अपेक्षाने लावला आणि घरभर फिरून भिंती बघत बसली. भिंतीत बघण्यासारखं काय आहे?
माझा निर्णय झाला आहे. एकदा चष्म्याची सवय लागली की डोळे आळशी होतात. मी क्लासमध्ये पोरांना कॅल्क्युलेटर देत नाही, त्यातलाच प्रकार. डोळ्यांना मेहनत करायला लावायची. आजपासून 'मिशन शून्य'. मॅडमनी सहा महिने दिलेत, मी चारात शून्यावर आणतो. मंजुषा सकाळी शेंद्र्याला कंपनीत जाते, संध्याकाळी येते. ती घरात असताना चष्मा, ती नसताना मिशन. शाळेतही दप्तरात ठेवायचा, फारच अडलं तर काढायचा. अपेक्षाला एकदा सांगितलं, लगेच समजलं. मुलगी मुळात हुशार आहे.

१४ जुलै
'लांब बघायचं' या मुद्द्याची अंमलबजावणी. क्लासमध्ये अपेक्षाला पहिल्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं. फळा लांब, डोळ्यांना आपोआप व्यायाम. शिवाय सरांची मुलगी म्हणून पुढे बसवली असं कुणी म्हणायला नको. एका दगडात दोन पक्षी. मॅडमना हे सुचलं नसतं.

२२ जुलै
गाजर. सहा दिवस सलग. आज गाजराकडे बघून अपेक्षाने डोळेच मिटून घेतले. तेवढाच डोळ्यांना आराम.

३ ऑगस्ट, रविवार
दोन तास मैदानावर खेळण्याचा मुद्दा मंजुषाने पुन्हा काढला. म्हटलं, फेब्रुवारीत परीक्षा आहे, दोन तास आणायचे कुठून? मग मीच तोडगा काढला. गच्चीवर सतरंजी टाकली आणि तिथे गणिताचा पेपर सोडवायला दिला. उजेडही झाला, अभ्यासही झाला. मंजुषा वर आली, बघून खाली गेली. काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

२० ऑगस्ट
क्लास टेस्ट. अपेक्षाचे दहापैकी चार. फळ्यावर मी ८३ गुणिले ६ दिलं होतं, हिने ३३ गुणिले ५ केलं. आणि तेही बरोबर केलं! वजाबाकीतही तेच. माझं गणित सोडून स्वतःचंच गणित सोडवते. पूर्ण वर्गासमोर बोललो की हा निष्काळजीपणा आहे. ती हो म्हणाली. शेजारी बसणारी सावनी काहीतरी सांगायला उठत होती, तिला खाली बसवलं. सावनीला पैकीच्या पैकी. तिला चष्मा आहे, म्हणून हुशार दिसते एवढंच.

११ सप्टेंबर
आज डोकंच फिरलं. शाळा सुटली, मी गेटसमोर स्कूटरवर बसलेलो. अपेक्षा आली, माझ्या समोरून गेली आणि पुढच्या एका काळ्या हेल्मेटवाल्याच्या मागे जाऊन बसली! त्या माणसाने स्कूटर चालूही केली होती. मी ओरडलो तेव्हा उतरली. तो माणूस बिचारा घाबरून माझीच माफी मागत होता.
घरी आल्यावर विचारलं, बाप ओळखू येत नाही? म्हणाली, सगळ्यांची हेल्मेटं काळीच असतात, पप्पा.
मुद्दा बरोबर आहे. संध्याकाळी पैठण गेटला जाऊन भडक नारिंगी हेल्मेट घेतलं. दुकानदार म्हणाला, साब, ये कलर तो सातारा के पहाड पे से बी दिखता. प्रॉब्लेम सॉल्व्ह. मंजुषाला एवढंच सांगितलं की जुन्याचा पट्टा तुटला.

५ ऑक्टोबर, रविवार
मंजुषाची भुणभुण बंद करायची म्हणून मायलेकींना घेऊन देवगिरीच्या किल्ल्यावर. पूर्ण दिवस उघड्यावर! चढताना सतराचा पाढा घेतला. ऑक्टोबरचं ऊन असं काही पेटलं होतं की मला गरगरायला लागलं. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारात, शिरलो तर काय गारवा. तिथेच बसलो. दीडेक तास. वटवाघळांचा वास सोडला तर छान जागा. मंजुषा म्हणाली, मुलीला उजेड मिळावा म्हणून आणलं आणि अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्यात काळ्या भोकात बसवलं. हिला कशातही समाधान नाही.

१२ नोव्हेंबर
दिवाळीनंतरची सराव परीक्षा. सावनी पहिली. अपेक्षाचा नंबर चौदावा. आईला कळवलं नाही, ती पेढे वाटायची.
शाळेतल्या बाईंचाही फोन. अपेक्षा फळ्यावरचं उतरवून घेत नाही, सावनीच्या वहीतून घेते, चष्मा कुठे आहे? मी म्हटलं, दप्तरात आहे. बाई म्हणाल्या, दप्तराला काय कमी दिसतं का? शिक्षकांनी पालकांशी कसं बोलावं याचं ट्रेनिंग राहिलेलं नाही.
फोन मंजुषाने उचलला नाही हे बरं झालं.

२३ नोव्हेंबर
काल झोपताना एकदम लक्षात आलं. मी बारीक विचार केलाच नव्हता. डोळे तपासणे ही परीक्षाच आहे. परीक्षा म्हटली की पेपर पॅटर्न आला, आणि पॅटर्न माझ्याइतका कोण ओळखतो? अपेक्षाचा जूनमध्ये नंबर आला तो डोळ्यांमुळे नव्हे, तयारी नव्हती म्हणून. कुठलंही मूल न सांगता अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवलं तर घाबरणारच.
दवाखान्यात सहज चक्कर मारली. पुढची तारीख विचारायच्या निमित्ताने आत डोकावून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा फोटो काढला. रात्रीत तसाच तक्ता कार्डशीटवर बनवला. ही कॉपी नाही. ही तयारी.

७ डिसेंबर
प्रगती थक्क करणारी आहे. म, र न, ग ल प, त च द ब. अपेक्षाने चालच लावलीय. पहिल्या दिवशी तीन ओळी, आज पूर्ण तक्ता. दहा फुटांवरून वाचला. वीस फुटांवरून वाचला. किचनमध्ये उभी राहून वाचला. किचनमधून हॉलची ती भिंत दिसतच नाही, असं मंजुषा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.
खरं सांगायचं तर मला भरून आलं. पाच महिन्यांची मेहनत कुठेतरी दिसायला लागली. अपेक्षाही इतकी खूश होती! म्हणाली, पप्पा, याच्यात मी पहिली येईन ना?

२६ डिसेंबर
उद्या तपासणी. रिव्हिजन घेतली. डावा डोळा झाकून पैकीच्या पैकी, उजवा झाकून पैकीच्या पैकी, दोन्ही झाकूनही पैकीच्या पैकी. मॅडम काय म्हणतील याचाच विचार करतोय. त्यांनी इतर पालकांसाठी लेक्चर ठेवा म्हटलं तर नाही म्हणायचं नाही.

२७ डिसेंबर, रात्री
लिहू का नको असं झालंय.
मॅडमनी अपेक्षाला खुर्चीत बसवलं. दिवा बंद केला. मी मागे मंजुषाशेजारी उभा. अपेक्षाने सुरू केलं, म, र न, ग ल प... कुठे अडखळणं नाही. मी मंजुषाकडे बघितलं. ती समोर बघत होती. म्हणून मीही समोर बघितलं. तिथे तक्ता नव्हता. दवाखान्याने नवीन स्क्रीन बसवलाय आणि त्याच्यावर आकडे होते. मोठे ठळक आकडे. वर सात, खाली चार आणि नऊ. आणि माझी मुलगी खणखणीत आवाजात म्हणत होती, त च द ब.
मॅडमनी तिला थांबवलं नाही. पूर्ण होऊ दिलं. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, छान, बाळा. आता समोर जे दिसतंय ते सांग. अपेक्षा बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली. मग खुर्चीतून मागे वळली आणि मला विचारलं, पप्पा, हा पार्ट आपल्याला आहे का? तुम्ही घेतला नाही हा.
मला लाज वाटली. कुणाची, ते ठरवता आलं नाही.
नंतर थेंब, मशीन, सगळं. सव्वादोन. दोन्ही डोळे. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांत एवढा वाढणं चांगलं नाही, रोज रात्री घालायचे थेंब सुरू करू. चष्मा दिवसभर लावते का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात अपेक्षा म्हणाली, मम्मी असल्यावर लावते.
मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. समर्थनगर ते चिकलठाणा, जालना रोडचे सगळे सिग्नल लागले. घरी आल्यावर तिने कार्डशीटचा तक्ता भिंतीवरून काढला आणि नीट घडी घालून माझ्या हातात दिला. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

२८ डिसेंबर
शांतपणे विचार केला. संख्यारेषा बघितली तर −२.२५ ही संख्या −१.५ पेक्षा लहान आहे. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर नंबर कमीच झालाय. हे मंजुषाला समजावून सांगितलं.
जेवण स्वतः वाढून घेतलं.

२९ डिसेंबर
मंजुषाने ऑर्डर काढली आहे. शाळेतून आल्यावर दोन तास अपेक्षा आणि सावनी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर खेळणार, मी कडेला उभा राहणार, पाढे विचारणार नाही. आज उभा राहिलो. एकदा तोंडात आलेला एकोणिसाचा पाढा गिळला. दोघी कुत्र्याच्या पिल्लामागे धावत होत्या. अपेक्षा दोनदा पडली. इतकी हसताना तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

२ जानेवारी
नवीन नंबरचा चष्मा काल आला. आज पहिल्यांदाच अपेक्षा क्लासला चष्मा लावून आली. मी पुढच्या बाकावर बस म्हटलं. ती म्हणाली, नको, आता मागूनपण दिसतं. शेवटच्याच बाकावर बसली.
अपूर्णांक घेतले. ती फळ्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती. दोनदा ओरडलो, लक्ष फळ्यावर. तिने एकही आकडा चुकीचा उतरवला नाही. सगळी उदाहरणं बरोबर. खूश व्हायला हवं होतं, तसा झालोही.
क्लास सुटला, पोरं गेली. ती दप्तर भरून माझ्याजवळ आली आणि विचारलं, पप्पा, आज तुम्ही कुणावर चिडला होतात का? म्हटलं, नाही, नेहमीसारखंच शिकवलं की. तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मग परत लावून बघितलं. म्हणाली, शिकवताना रोज असंच असतं का तुमचं तोंड? मला मागून वाटायचं, तुम्ही हसताय.
फळा पुसायला घेतला. तो पोरांनी आधीच पुसला होता.