उकिरड्यात पुरावयाची वाटी

ओसाका, १२ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप आईच्या चरणी पुष्पाचा दंडवत.

मच्छिंद्र हे पत्र वाचून दाखवील. त्याने मधले काही गाळू नये.

माझी प्रकृती उत्तम आहे. झोप थोडी कमी झाली आहे, इतकेच. तुझा खोकला कसा आहे?

उकिरड्यात पुरण्यासाठी पाठवलेली पांढरी वाटी तू देव्हाऱ्यात ठेवलीस आणि तिच्यात रोज देवाला साखर दाखवतेस, हे फोनवर ऐकून मी कपाळावर हात मारला. वर मच्छिंद्र हसत सांगतो, "आई म्हणती, लेकीनं केल्यालं उकिरड्यात घालाया मी येडी हाय व्हय?"

आई, ती वाटी प्लास्टिकची नाही. जंतू आपल्या अंगात चरबीसारखा एक पदार्थ साठवतात, त्याची ती केली आहे. अशा वाट्यांतून खाद्यपदार्थ विकावेत आणि वापरानंतर मातीने त्या खाऊन टाकाव्यात, ही माझी कल्पना. इथल्या मातीत ती विरली. आपल्या निरगुडसरच्या मातीत विरेल का, असे प्राध्यापकांनी विचारले, म्हणून मी ती तुझ्याकडे पाठवली.

तिला हळदकुंकू वाहा, हवा तर नारळ फोड. पण पुरून टाक. रोज उकरून पाहू नकोस. उन्हाळ्यात मी येऊन खणीन, तेव्हा तिथे मला काहीही सापडू नये, एवढा आशीर्वाद दे.

तुझी लेक,
पुष्पा