ताणावरचं झाड

सौंसर
दि. ३ मार्च २०२५

चि. अमोल यास बाबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नको. दोनदा लिहायला बसलो आणि कागद फाडला. फोनवर बोललो असतो, पण फोन वाजला की तुझी डिंपल धावत येते आणि तिथंच उभी राहते. तिच्यासमोर हे बोलवत नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण काम सोडत नाही. सूनबाईची तब्येत कशी आहे? पुण्यात पाणी उकळून पिता ना? खोकला आला तर अंगावर काढू नका.

डिंपलच्या हातावरचे फोड बसले. मी तुला फोनवर म्हटलं होतं, त्या शाळेत पोरांना मजुरासारखं राबवतात, उन्हात खुरपं देतात. फोड खरे होते. पण पोरगी ते फोड गल्लीतल्या मैत्रिणींना मोठ्या ऐटीत दाखवत फिरत होती, हे मी तुला सांगितलं नाही.

आणखीही एक सांगितलं नाही.

शाळेनं मागची संत्र्याची झाडं पोरांना वाटून दिली आहेत. ज्याचं झाड त्यानं राखायचं. थंडीत त्यांनी झाडं ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडलं. पानं मलूल होईपर्यंत थांबायचं, मग पाणी द्यायचं, तेव्हा बहार फुटतो. मला माहीत नव्हतं असं नाही. सौंसरात, संत्र्यांच्या मुलखात राहून कोणाला माहीत नसतं? पण मी जन्मभर नगरपालिकेत नळाचं पाणी सोडलं. कोणाच्या दारी पाण्याची गुंडी कोरडी दिसली की माझा हात व्हॉल्व्हकडे जायचा.

डिंपलला आणायला मी लवकरच जाऊन बसतो. तिचं झाड रोज दिसायचं. पानं वळलेली, खाली पिवळा सडा. वाटलं, झाड मेलं तर पोरगी काय करील? आसपास कोणी नव्हतं. बोअरचा पाइप ओढला आणि बुडाशी सोडला. दुसऱ्या दिवशीही सोडला. वरून कोरडी माती पसरली.

आता बाकीची झाडं फुलांनी पांढरी झाली आहेत. फाटकापर्यंत वास येतो. डिंपलचं झाड हिरवंगार, पण त्यावर एक फूल नाही. पोरं म्हणाली, "डिंपलनं चोरून पाणी पाजलं!" ती तिथं रडली नाही. घरी येऊन तुझ्या आईला म्हणाली, "आजी वं, मी तं रोज पाहत होती. माझं कुठं चुकलं?" आणि न जेवता झोपली.

त्याच दिवशी मी तुला फोन करून सांगितलं, की शाळा बरी नाही. तू म्हणालास, होळीला येतो, शाळेतून टीसी काढतो आणि तिला पुण्याला नेतो. मी बरं म्हटलं. शाळा सुटली की ही गोष्टही सुटेल असं वाटलं.

तुझ्या आईला माझं तोंड वाचता येतं. म्हणाली, "गावाले पाणी सोडलं, आता झाडाले बी सोडलं काय हो?"

शनिवारी शाळेत गेलो. वर्ग झाडांखालीच बसला होता. सरला मॅडमना विचारून सगळ्यांसमोर सांगितलं. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आता आजोबाले फाटकाच्या आत नका येऊ देऊ!" पोरं हसली, मॅडमही हसल्या. डिंपल हसली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आजोबा, तुमाले झाडाची दया आली, समजलं. पण माझ्यावर भरोसा कायले नाही केला?"

मी दप्तर तिच्या हातात दिलं.

काल खुरपं घासता घासता म्हणाली, "पुढच्या ताणाले मीच झाड राखीन. तुमी बाहेरच बसा." मी हो म्हटलं. टीसीचं तिला माहीत नाही. ते हो पाळणं माझ्या हातात नाही रे, तुझ्या हातात आहे.

होळीला तुम्ही दोघं जरूर या, पण टीसीसाठी येऊ नका. शाळेचा दोष नव्हता. रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण दोन शब्द लवकर कळव. तोवर मी फाटकाबाहेरच बसून आहे.

तुझा बाबा
मधुकर