एकशे बारा अर्ज आणि एक वाटणी

रावेर
दि. १२ नोव्हेंबर १९९८

चि. लता हीस आजीचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र सोमवारी पोचलं. तुझ्या आईने ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा मी एकाच जागी संतापले. हे पत्रही तीच लिहिते आहे. मी बोलते तसंच उतरव, मधे तुझं मॅट्रिकचं शहाणपण घालू नकोस, असं तिला बजावलं आहे. तिने मान हलवली आहे, म्हणजे घालणारच.

आधी मला समजलं ते नीट समजलं का, ते सांग. धुळ्याच्या तुझ्या कन्याशाळेला कुणा दानशूर माणसाने चार जुने कॉम्प्युटर दिले. ते आतून रिकामे. त्यांना चालवणारी विद्या विकत घ्यायची तर शाळेची ऐपत नाही, आणि बाजारात मिळते ती चोरीची नक्कल तुमच्या हेडमास्तरांना नको. हे त्यांचं मला आवडलं. मग तुला एका मासिकाबरोबर ती लिनक्स नावाची सीडी मिळाली. फुकट. कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी. आणि तेव्हापासून पाच आठवडे झाले, तू रोज शाळा सुटल्यावर त्या फुकटच्या वस्तूपुढे डोकं आपटते आहेस.

बाई, हे कसलं देणं? म्हैस फुकट दिली आणि दूध कसं काढायचं ते इंग्रजीत लिहून ठेवलं. तू मुंबईच्या कुणा जाणत्याला कॉम्प्युटरवरून विचारलंस तर तो एका ओळीत म्हणाला, पुस्तक वाचा. मी संतापले ती इथेच. माझ्या पंच्याहत्तर वर्षांत तलाठ्याने, पोस्टमनने आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला हेच सांगितलं आहे. वाचता येणाऱ्याला ते सांगताना फार गोड लागतं, असं दिसतं. तू तर एम.एस्सी. झालीस, तरी तुला तेच ऐकावं लागलं. मग शिकून उपयोग काय, हे तुझ्या बापाने विचारण्याआधी मीच विचारते.

तुझ्या बापाचं, जीवरामचं, म्हणणं तुला ठाऊक आहे. नाताळच्या सुट्टीपर्यंत ते कॉम्प्युटर चालले नाहीत तर हेडमास्तर ते परत पाठवणार, खोलीत बाकं रचणार, आणि तुझे तास बंद होणार. मग लताने घरी यावं, असं तो रोज जेवताना एकदा म्हणतो. मी रोज एकदा भाजी वाढते. नववीच्या छत्तीस पोरींनी तुझ्याकडे नावं दिली आहेत, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. वेळ आली की सांगेन.

आता कामाचं. सीडी घालायची खिडकी फक्त ऑफिसातल्या कारकून भटूभाऊंच्या कॉम्प्युटरला आहे, म्हणून आधी त्यात हे नवं बसवून मग बाकीच्या चारांत न्यायचं, असं तू लिहिलंस. भटूभाऊंचं जुनं तसंच राहू द्यायचं आणि एकाच डिस्कची दोघांत वाटणी करायची. वाटणी म्हटल्यावर मी उठून बसले. हे मला कळतं! तू नव्याला अगदी शेवटचा तुकडा दिलास, आणि आता तो काळ्या पडद्यावर दोन अक्षरं काढतो आणि थांबतो. थांबेल नाही तर काय करेल? आपल्या घरात वाटणी झाली तेव्हा वाटे मोठ्याने पाडले आणि पहिला वाटा धाकट्याने उचलला. तुझे आजोबा धाकटे. त्यांना विहिरीकडचं रान मिळालं आणि मोठ्या आबांनी आपली गुरं, औतं उचलून खालच्या अंगाला नेली. कुणी हूं की चूं केलं नाही. तू नव्याला पुढची जागा देऊन बघ.

केळीला यंदा थंडी लवकर लागते आहे. तुझ्या बापाचा खोकला आहे तसा आहे. तू रात्रीचं जेवतेस का, ते लिही.

लोभ आहेच, तो कमी झाला तर मी कळवीन.

तुझी,
आजी (शेवंताबाई)

ता. क. सासूबाईंनी मुंबईच्या त्या माणसाला उद्देशून आणखी दोन वाक्यं सांगितली होती. ती मी लिहिली नाहीत. – आई

—

धुळे
दि. २४ नोव्हेंबर १९९८

ती. आजीस लताचा शि. सा. न.

वि. वि. हे पत्र आईने तुला सलग वाचून दाखवावं, मधे थांबू नये. बाबांना मात्र आजच सांगू नका.

तुझं म्हणणं खरं निघालं. ह्या नव्याला डिस्कच्या पुढच्या भागातच जागा लागते. सीडीबरोबर आलेल्या पुस्तकात ते चौऱ्याऐंशीव्या पानावर, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. पाच आठवडे ज्याच्यासाठी घालवले ते तळटीपेत होतं. वर कुठेही नाही. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच सापडावं अशा जागी ते ठेवलं आहे. मला इतका राग आला, की मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले.

मग मी शनिवारी नव्याला पुढची जागा दिली. भटूभाऊंचं सगळं पुढेच होतं, पण मला वाटलं, ते मागे सरकेल. आपल्या आबांनी गुरं उचलून नेली तसं जुनंही आपलं सामान घेऊन मागे जाईल. खरंच असं वाटलं, आजी. वाटणी म्हणजे मोठा उठतो, ह्यापलीकडे मला काही सुचलंच नाही. मशीनने विचारलं, खात्री आहे का. मी हो म्हटलं. इथे कुणी उठत नाही. नवा आला तो थेट जुन्याच्या अंगावर बसला.

आणि नवं सुरू झालं. पहिल्यांदा, नीट, एकही तक्रार न करता. मी टाळी वाजवली. तेवढ्यात भटूभाऊ आत आले.

दहावीच्या एकशे बारा मुलींच्या बोर्डाच्या अर्जांची माहिती त्यात होती. दोन महिने बसून त्यांनी ती भरली होती, आणि दुसरीकडे कुठे नक्कल नव्हती. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मन्हं बठ्ठं गयं." माझं सगळं गेलं, हेच पुन्हा म्हणाले. तू माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण तसं कुणाला पुन्हा बघायची वेळ माझ्यावर येऊ नये.

मुलींनी हाताने भरलेले कागद शाबूत आहेत. अकरा डिसेंबरच्या आत माहिती पुन्हा भरून पाठवायची आहे. हेडमास्तर रुपचंद सर म्हणाले, की ती मी एकटीने भरावी, चारही कॉम्प्युटर खोक्यांत घालावेत आणि एक जानेवारीपासून माझे तास बंद. मी हो म्हणून आले. दुसरं काय म्हणणार? चूक माझीच आहे.

नववीच्या मुली रोज खोलीच्या दारात येतात. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा आशीर्वाद असावा, ह्या वेळी मागून घेते.

तुझी,
लता

—

रावेर
दि. २८ नोव्हेंबर १९९८

रा. रा. हेडमास्तर रुपचंद सर यांस शेवंताबाई गिरधर महाजन हिचा स. न. वि. वि.

ह्यातलं 'सप्रेम' माझ्या सुनेने रीत म्हणून घातलं आहे. मी तुमच्याकडच्या लताची आजी. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सुनेच्या हाताने बोलते आहे.

पहिली गोष्ट ही, की ती वाटणीची अक्कल माझी. पोरीने माझं ऐकलं. तेव्हा शिक्षा करायची असेल तर रावेरच्या पत्त्यावर करा. भटूभाऊंची मी हात जोडून माफी मागते. दोन महिन्यांचं काम डोळ्यांदेखत जाणं काय असतं, ते केळीवर गारा पडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता तुम्हाला विचारते. एकशे बारा पोरींचं वर्ष तुम्ही एकाच मडक्यात ठेवलंत, आणि त्या मडक्याला झाकणसुद्धा नाही? आमच्याकडे बियाणं दोन घरांत ठेवतात. उंदीर काही सांगून येत नाही. माझी नात उंदीर ठरली, ठरू द्या. पण मडकं तुमचं होतं.

ज्यांनी ही विद्या फुकट वाटली त्यांच्यावरही माझा राग आहे. असं अवघड करून ठेवायचं आणि वर मोफत म्हणून मिरवायचं, हा कुठला न्याय? तरीही माझ्या पोरीने ते बसवलं. तुमच्या अख्ख्या शाळेत दुसऱ्या कुणाला बसवता आलं असतं, त्याचं नाव मला कळवा. मी त्याच्यासाठी केळीचा घड पाठवीन.

सर, मी मुद्द्यावर येते. ती माहिती लताने एकटीने भरू नये. भटूभाऊंनीही भरू नये. जिचा अर्ज आहे तिलाच त्या मशीनपुढे बसवा. का, ते सांगते. माझ्या नवऱ्यामागे जमिनीच्या कागदावर माझं नाव चढलं, तेव्हा लिहिणाऱ्याने माझ्या नवऱ्याच्या जागी दिराचं नाव टाकलं. मी समोर उभी होते. जिथे सांगितलं तिथे अंगठा उठवला. ते निस्तरायला आठ वर्षं लागली, आणि त्या आठ वर्षांत मी कागदोपत्री दिराची बायको होते. दीर बिचारा मला तोंड दाखवेना. मला वाचता येत नव्हतं म्हणून ते घडलं. तुमच्या पोरींना येतं. मग त्यांच्या जन्माचा कागद दुसऱ्याने का लिहावा?

कॉम्प्युटर खोक्यांत घालण्याआधी एवढं करून बघा. नंतर घालायचे तर घाला. मी थांबवायला येणार नाही, माझे गुडघे तुमच्याच बाजूचे आहेत.

आपण थोर, मी रागावलेली. तरी आपला स्नेह असावा.

शेवंताबाई गिरधर महाजन
(अंगठा)

—

धुळे
दि. १६ डिसेंबर १९९८

ती. आजीस लताचा शि. सा. न.

वि. वि. तू सरांना पत्र लिहिलंस हे मला सरांकडूनच कळलं. तीन दिवस ते त्यांच्या खिशात होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, ह्या बाई नेहमी अशाच बोलतात का. मी म्हटलं, हे लिहिलेलं आहे म्हणून सौम्य आहे.

मग म्हणाले, करून बघा, पण अकरा तारीख टळता कामा नये.

ऑफिसातला तर चालू होताच. बाकीच्या चारांना सीडीची खिडकी नाही, म्हणून सगळं फ्लॉप्यांवर उतरवून एकेक घालत बसायचं. एका मशीनला बेचाळीस फ्लॉप्या. पहिल्याला एकतिसावी खराब निघाली, की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याला अडतिसावी. अडतिसावी, आजी! जगात एवढी हुशार माणसं ही वस्तू घडवायला एकत्र आली, आणि एकालाही वाटलं नाही, की जिथे अडलं तिथूनच पुढे जाऊ द्यावं. नववीच्या मुली पाळीपाळीने फ्लॉप्या हातात देत होत्या. चार दिवसांत दोन मशीन उभी राहिली. उरलेल्या दोघांचं अजून व्हायचं आहे.

दहावीच्या मुली आपापला कागद घेऊन रांगेत आल्या. कुणी एका बोटाने, कुणी श्वास रोखून. पाच दिवस लागले. भटूभाऊंनी तपासायला कागदांशेजारी शाळेचं जुनं रजिस्टर ठेवलं, तेव्हा कळलं की रजिस्टरात सतरा मुलींच्या जन्मतारखा चुकीच्या आहेत, आणि आधीची माहिती त्यांनी रजिस्टरातूनच घेतली होती. त्या मुली तारखा सांगून थांबल्या नाहीत, जन्माचे दाखले घेऊन आल्या. भटूभाऊंनी रजिस्टरातली एकेक तारीख स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. अकरा तारखेला माहिती गेली. दोन नकला काढून.

खोली राहिली. माझे तास जूनपर्यंत राहिले, आणि जानेवारीपासून नववीचा वर्ग रीतसर सुरू होतो आहे. हे बाबांना आता सांगा.

फक्त एक राग आहे. देणगी देणारे गृहस्थ परवा बघायला आले तेव्हा सर त्यांना म्हणाले, की काही नाही हो, अगदी सोपं असतं, फुकट मिळतं. मी शेजारीच उभी होते. माझ्या बोटांना अजून फ्लॉप्यांचे घट्टे आहेत.

आता तर बाहेरूनही विचारणा येते. शिंदखेड्याच्या शाळेतल्या सुंदरबाई म्हणून बाई आहेत, त्यांच्याकडे दोन मशीन पडून आहेत. मी त्यांना कालच सीडीची आणि पुस्तकाची नक्कल पोस्टाने पाठवून दिली. बरोबर चिठ्ठीत लिहिलं, की पुस्तकाचं चौऱ्याऐंशीवं पान बघा.

सगळ्यांना नमस्कार. तुझा लोभ कमी झालेला नाही, हे मी गृहीत धरते.

तुझी,
लता

—

रावेर
दि. २१ डिसेंबर १९९८

चि. लता हीस आजीचे अ. उ. आ.

वि. वि. तुझ्या बापाला सांगितलं. त्या दिवशी त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नंतर म्हणाला, की मला आधीच वाटलं होतं. त्याला काही वाटलं नव्हतं.

तुमच्या हेडमास्तरांना सोपं वाटलं ते ठीकच आहे. बाळंतपण बापाला नेहमी सोपं गेलेलं असतं.

पण मी आज तुझ्यावर रागावले आहे. आईने तुझ्या पत्राचा शेवट वाचला आणि मी तिला तिथेच थांबवलं. सीडी पोस्टाने पाठवलीस? आणि वर पान सांगितलंस? तुझ्या आजोबांकडे कुणी केळीचे कंद मागायला आला, तर ते पैसे घेत नसत. पण कंद गाडीत भरून दिले आणि झालं, असंही त्यांनी कधी केलं नाही. लागवडीच्या दिवशी त्याच्या शेतात जायचे, पहिली ओळ आपल्या हाताने लावायची, खड्डा किती खोल, कंदाचा डोळा कुठल्या अंगाला, ते दाखवायचं, आणि पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचलं की मग घरी. एकदा सोनगीरपर्यंत गेले होते, तीन दिवस आले नाहीत. मी तेव्हा त्यांना खूप बोलले होते. आता वाटतं, कमी बोलायला हवं होतं.

ती सुंदरबाई आत्ता शाळा सुटल्यावर कुठल्या तरी खोलीत एकटी बसली असेल. समोर काळा पडदा. तिच्याकडे माझ्यासारखी सल्ला देणारी म्हातारी नसावी, एवढंच तिचं नशीब. तिच्याही ऑफिसात कुणी भटूभाऊ असेल, आणि त्याच्या कामाची नक्कल कुठे ठेवलेली नसेल.

धुळ्याहून शिंदखेड्याला सकाळी एसटी आहे, असं तुझा बाप सांगतो. रविवारी त्यात बस. बेचाळीस फ्लॉप्या बरोबर घे, आणि सातआठ जास्तीच्या ठेव. डबा ने. तिचं मशीन सुरू झाल्याशिवाय परत फिरू नकोस, आणि परत आल्यावर मला पत्र टाक.

तोवर माझा लोभ मी राखून ठेवते.

तुझी,
आजी