रिकामा राहिलेला रकाना

शंकर नगर, रायपूर
गुरुवार, दुपार

प्रिय स्वरदा,

परवा फोनवर तू किती आनंदात होतीस! पहिली गाडी, स्वतःच्या कमाईची, आणि ती म्हणे माझ्या नावावर घेणार, कारण आई लकी आहे. मग विमा कोणता घेऊ ते विचारलंस, आणि लगेच म्हणालीस, "त्या दयारामकाकाकडून मात्र मेले तरी नाही." मी गप्प झाले. तुला वाटलं, रेंज गेली. रेंज चांगली होती, बाई. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तरी मला रडू येतं आणि विषय भाजीवर जातो. म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या कामाचं. नुसती थर्ड पार्टी घेऊ नकोस. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, आपलं नाही. पूर्ण विमा घे, वर झीरो डेप घे, म्हणजे तुटलेल्या भागांचे पैसे घसारा न कापता पूर्ण मिळतात. पुण्याच्या गर्दीत तू गाडी चालवणार म्हणजे बंपर महिनाभरही टिकायचा नाही. गाडीची किंमत कमी दाखवून हप्ता स्वस्त करून देतो म्हणणाऱ्याला भुलू नकोस, चोरीला गेली तर तेवढेच हाती पडतात. आणि गाडी तुझ्याच नावावर घे. चालवणार तू आणि नाव माझं, हे मला चालणार नाही. का, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

बाबा नोकरीला होते ते मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि त्यांची स्कूटर रोजच्या त्या लांबच्या रस्त्याला पुरेना, तेव्हा आपण पांढरी गाडी घेतली. घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्यायची, असा बाबांचा हट्ट. लक्ष्मीला धड सायकलही येत नव्हती! पुरानी बस्तीत देवीपुढे पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली. सीटवरचं प्लास्टिक तू महिनाभर कुणाला काढू दिलं नाहीस.

पूजेच्याच दिवशी दयारामकाका तात्यापाऱ्याहून विम्याचा फॉर्म घेऊन आले. विम्याचे एजंट, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, तुझ्या दर वाढदिवसाला खव्याची जलेबी आणणारे. बाबा आत कपडे बदलत होते. काका म्हणाले, "वहिनी, गाडी तुमच्या नावानं, चालवणार भैया. अपघाताचा विमा मालकालेच भेटते. भैयाचं नाव या रकान्यात अलग लिहा लागते, जास्त खर्च नाही." मी भडकले. नव्या गाडीच्या मुहूर्तावर माझ्या नवऱ्याचं नाव मरणाच्या कागदावर? काकांनी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. ते "हव, बरं" म्हणाले आणि रकाना रिकामा सोडला. बाबा बाहेर आले, त्यांनी न वाचता सगळं पुढं सरकवलं आणि मी सही केली.

अकरा महिन्यांनी धुक्यात गाडी दुभाजकावर चढून उलटली. गाडीची भरपाई मिळाली. बाबांसाठी कंपनीनं लिहून पाठवलं की गाडीच्या मालक सुखरूप आहेत.

तेराव्याला तुझ्या नानाकाकांनी भरल्या घरात विचारलं, एवढा विमा काढला होता, मग काहीच कसं नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "दयारामनं काही सांगितलंच नाही." एवढंच. तू दारात उभी होतीस, सोळा वर्षांची. दुसऱ्या दिवशी तू स्कूटी घेऊन त्यांच्या घरी गेलीस आणि सगळ्या पाऱ्यासमोर, अख्ख्या गल्लीदेखत त्यांना चोर म्हणालीस. तू किल्ली उचललीस तेव्हा मी पाहत होते. कुठं निघालीस तेही मला कळलं होतं. मी तुला अडवलं नाही, स्वरदा. तू माझ्याऐवजी त्यांच्यावर चिडली होतीस, याचं मला बरं वाटलं. मग एकेक करून आपल्या लोकांनी त्यांच्याकडचे विमे काढून घेतले. त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. जलेबी घेऊन मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत.

तुझा फोन झाल्यापासून मला चैन पडेना. काल तात्यापाऱ्यात गेले. काकांनी एजन्सी कधीच बंद केली आहे, एका डोळ्यानं दिसत नाही. मी म्हटलं, स्वरदाला सगळं लिहून कळवते. तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. पोट्टीचा बाप गेला होता, तिले कोणावर तरी रागवाच लागत होतं. तुमच्यावर रागावली असती तं राहिली असती कोणाजवळ?" हे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं, दारात उभं राहून तुझ्या शिव्या ऐकताना. मला अकरा वर्षं कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आता तू सत्तावीस वर्षांची आहेस. कुणाजवळ राहायचं ते तुझं तू ठरवू शकतेस, म्हणून लिहिलं. दिवाळीला येशील तेव्हा स्टेशनवरून आधी त्यांच्याकडे जा. मग घरी ये, यावंसं वाटलं तर.

तुझीच,
आई