वैशालीचं पॅकेज

मंगळवार, संध्याकाळ. हिनकल.

आज सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या कोडमधली न वापरलेली पॅकेजेस काढत बसलो होतो. त्यात एक वैशालीनं टाकलेलं निघालं, मराठीत तारखा दाखवणारं. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच होतो. ती गेल्या वर्षी पुण्याला परतली. टीम लीड मंजुनाथ कानडीत म्हणाला, "यारू यूज माडल्ल, तेगी." कोणी वापरत नाही, काढून टाक. काढलं. सगळ्या टेस्ट पास झाल्या. कुठंच काही अडलं नाही, याचं वाईट का वाटावं?

घरी येऊन तिला फोन केला. "अगं, तुझं ते तारखांचं पॅकेज आज काढलं."

ती हसली. "अजून होतं ते? थांब, मीटिंग आहे, नंतर करते."

दिवसभरात मी मराठीत बोललो ते एवढंच.