पाणी पुरलं का?

प्रकाशा, ९ जानेवारी १९६८

प्रिय प्रमिला,

तुझ्या सासूबाईंचं कार्ड पोचलं. पहिलं बाळंतपण सुरतेलाच करायचं म्हणतात. तुझ्या माहेरी बाईमाणूस नाही, बाळंतिणीचं पाणी कोण तापवणार, असं त्यांनी विचारलंय. प्रश्न खोटा नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला चुलीपुढे बसायला आणि वजन उचलायला डॉक्टरांची मनाई आहे, हे तुला ठाऊकच आहे. पण माहेरची रीत अशी एका हंड्यापायी मोडू द्यायची, हे काही मला पटेना. दोन दिवस मी चिडून होतो. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाणी तापवायचा विजेचा गिझर बसवायचं ठरवलं आणि शहाद्याला जाऊन वायरमनला घेऊन आलो.

मगन त्याचं नाव. माणूस कामाचा, पण बोलतो फार. म्हणाला, चुनीलालशेठ, तुमच्या घरातली तार दोन दिव्यांपुरती आहे, तिच्यावर गिझर लावाल तर पाण्याआधी घरच तापेल. मग विजेचा लोड वाढवून मागायचा अर्ज केला. कचेरीत तीन खेपा झाल्या. साहेबांनी विचारलं, पिठाची गिरणी टाकताय का? मी म्हटलं, मुलगी येणार आहे. ते हसले, पण सही केली. खांबापासून घरापर्यंत नवी जाड तार आली, मोठं मीटर बसलं आणि न्हाणीघरापर्यंत वेगळी लाइन ओढली. तुझ्या आईनं जिवापाड जपलेली भिंत मगननं फोडली तेव्हा मला जरा वाईट वाटलं. तिथं तुझी उंची मोजल्याच्या कोळशाच्या रेघा होत्या. दोन वाचवल्या.

खरी गंमत पुढेच आहे. विजेचा झटका बसू नये म्हणून जमिनीत खड्डा करून तांब्याची पट्टी पुरतात आणि भोवती मीठ नि कोळसा भरतात. मगननं ते सगळं मागच्या दाराशी पुरलं आणि जेवायला गेला. शेजारच्या दगूबाईनं कुंपणावरून बघितलं. दाराशी मीठ आणि कोळसा पुरलेला, घरात पोटुशी लेक येणार, म्हणजे कोणीतरी करणी केली! तिनं कुदळ घेऊन सगळं उकरलं, तापीत नेऊन टाकलं आणि ओसरीवर येऊन ओरडायला लागली, "चुनीभाऊ, कोन्ही पुरं रे आठे मीठ नि कोयसा?" मगन परत आला तर खड्डा रिकामा आणि तार लोंबकळतेय. तो कपाळावर हात मारून बसला. तांब्याची पट्टीसुद्धा तापीत गेली होती, ती दुसरी आणावी लागली.

मी दगूबाईला सगळं समजावून सांगितलं. तिनं कुदळ खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरले आंघोय मी घालसू. तू नुसता पाणीनं देख." आता ती रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतते. माती ओली राहिली पाहिजे, असं मगननं सांगितलंय ना. तेव्हा सासूबाईंना कळव, बाईमाणूस आहे. चांगली कुदळवाली आहे.

गिझर चालतो. मगननं माझ्यादेखत बादलीभर कढत पाणी काढून दाखवलं. मी स्वतः अजून त्या बटणाला हात लावलेला नाही. भीती नाही वाटत. एकट्यासाठी एवढी टाकी तापवायची, हे मनाला येत नाही.

प्रमिला, सासूबाईंना पाण्याची काळजी होती म्हणून मी पाण्याचं बघितलं. माझी काळजी वेगळीच आहे, ती त्यांना कार्डावर कशी लिहू? तुझी आई पस्तीस वर्षं न्हाणीघराबाहेर उभी राहून विचारायची, "पाणी पुरलं का?" कधी मी 'हो' म्हणायचो, कधी तेवढंही नाही. ती गेल्याला आता वर्ष होईल. मी आंघोळ करून बाहेर येतो आणि दाराशी कोणी नसतं. घर फार मोठं झालंय गं. तू सव्वा महिना तरी ये. नंदुरबार स्टेशनवर मी गाडी घेऊन उभा असेन. मला त्या दाराबाहेर उभं राहून एकदा विचारू दे, पाणी पुरलं का म्हणून. तू मात्र उत्तर दे.

तुझाच,
आबा