रॉस्को डनलीची सही

इंगलवुड, लॉस एंजेलिस
१४ मे २००६

प्रिय वेंडेलदादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. आम्ही सगळे बरे आहोत. माझ्या ग्लोरियाचा गुडघा आता दुखत नाही. रविवारी तिने थेट आईच्या चवीचा गंबो रस्सा केला होता, भेंडी तेवढी जरा जास्त पडली. आपलं दाढी-कटिंगचं दुकानही चालू आहे. शनिवारनंतर गिऱ्हाईक तुटेल असं ग्लोरियाला म्हणालास, तसं काही झालेलं नाही.

शनिवारचं रॉस्कोने त्याच्या परीने सांगितलं असेलच. तुझ्या टीममध्ये खेळून नाव कमावलेला तो, तुझा जिवलग. आता माझ्याकडून ऐक.

तुझ्या सांगण्याप्रमाणे खिडकीपाशी टेबल मांडलं, त्याचे जुने फोटो रचले. सहीचे चाळीस डॉलर, तेही रोख, म्हणजे कोर्टाला पत्ता लागायला नको. रांग पार लाँड्रीपर्यंत गेली होती. गॅरेजवाला क्लीव्हन तर रॉस्कोच्या नंबरची जर्सी घालून आला.

"कोर्टाने सोडलाय ना त्याला? मग त्या म्हातारीला पैसे कसले द्यायचे?" तो म्हणाला.

"ते फौजदारी कोर्ट. दिवाणी कोर्टात हरला की," खुर्चीत दाढीला बसलेले मास्तर म्हणाले. "तिच्या पोरीचा जीव त्यानेच घेतला, असं तिथे ठरलं. भरपाई ठरून नऊ वर्षं झाली, दमडी दिली नाही."

"मास्तर, गप दाढी करून घ्या. जीभ कापली जाईल," क्लीव्हन म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो.

तो सुटला तेव्हा याच दुकानात आपण नाचलो होतो. पोलिसांनी पुराव्यात लबाडी केली होती, त्यांच्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण दादा, पोरीची आई, अर्नेस्टीन पेटवे, तेव्हाही चर्चमध्ये आपल्या पुढच्याच बाकावर बसायची.

शनिवारी ती रांगेत होती. डोक्यावर रविवारची निळी हॅट, हातात चाळीस डॉलर. ऐंशीला टेकलेली बाई, पण लोकांनी पुढे व्हा म्हटलं तरी झाली नाही, पाळी येईपर्यंत उभी राहिली. रॉस्को मान वर करत नाही, तुला माहीतच आहे. फोटो ओढायचा, विचारायचं, लिहायचं.

"नाव काय लिहू, मावशी?"

"कोरिन."

'प्रिय कोरिनला' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. मग त्याने वर पाहिलं. दोन्ही कोर्टांत, इतक्या मुलाखतींत, त्या पोरीचं नाव त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता ते त्याच्याच अक्षरात समोर होतं.

"सही राहिली," ती म्हणाली. आवाज चढला नाही.

त्याच्याने सही झाली नाही. तिच्या मागे उभा असलेला माणूस कोर्टाची वसुली करणाऱ्या शेरीफच्या कचेरीतला निघाला. त्याने कोर्टाचा हुकूम टेबलावर ठेवला आणि पैशांची पेटी उचलली.

"त्यात माझेही चाळीस आहेत," ती त्याला म्हणाली. "तेही त्यानेच भरपाईत भरले असं धरा."

फोटो पर्समध्ये घालून ती वळली. क्लीव्हनने भर उन्हात जर्सीवर कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. मला त्या बाईचा एवढा अभिमान वाटला, की वस्तरा खाली ठेवावा लागला. मास्तर अर्ध्या दाढीने बसून होते. ती पेटी तिच्या भरपाईपुढे काहीच नाही. नऊ वर्षं ती फिरतेय ते पैशांसाठी नाहीच, दादा.

तू सगळ्यांना फोन करून विचारतोयस, तिला खबर कोणी दिली. ग्लोरियाला दरडावलंस, मास्तरांना नाही नाही ते बोललास. त्यांना सोड. खबर मी दिली, चर्चमध्ये, बाकावरून पुढे वाकून.

पुढच्या महिन्यात सॅन दिएगोला तू त्याचं टेबल लावणार आहेस, तेही तिला सांगून झालंय. तू लावू नयेस, म्हणून आधी कळवतोय.

लावलंसच, तर रांगेत तिच्या मागे मी उभा असेन.

तुझाच धाकटा,
ल्यूशस